एक पॉइंट आठ

त्रिशला गेल्याचं कळलं तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, माझ्या शेडमध्ये लेथवर होतो. मंगळवार होता, फेब्रुवारीची अठरा तारीख, सकाळचे साडेअकरा. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. तीन मिस कॉल झाल्यावर शेजारच्या शेडमधल्या माणसानं हाक मारली. फोनवर जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवरून एक कंडक्टर बोलत होता. मगदूम सिस्टर तुमच्या कोण, असं त्यानं विचारलं. मी बायको म्हणालो. त्याचा आवाज उतरला. मग म्हणाला, बाकड्यावर बसल्या होत्या, बसल्या जागी आडव्या झाल्या, दवाखान्यात नेलंय, तुम्ही या. त्याच्या उतरलेल्या आवाजावरूनच मला कळलं होतं. लेथच्या चकात धरलेला जॉब अर्धा राहिला होता, तो तसाच ठेवून निघालो. पोचलो तेव्हा तिला जाऊन दीड तास झाला होता. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिचं वय एकसष्ट.

ती शिरोळला निघाली होती. तिकडं तिचं काही काम उरलेलं नव्हतं. कशाला निघाली होती ते मला तिनं सांगितलं नव्हतं, आणि मीही सकाळी विचारलं नव्हतं.

त्रिशला एकतीस वर्षं सरकारी नर्स होती. सगळी नोकरी शिरोळ तालुक्यात झाली. लहान बाळांना बीसीजी टोचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती लस कातडीतच द्यावी लागते. बरोबर दिली की टोचल्या जागी मसुराएवढी गांध उठते. सुई खोल गेली तर गांध उठत नाही, आणि पुढं बाळाला त्रास होऊ शकतो. नवीन पोरी तिच्याकडं शिकायला यायच्या तेव्हा ती म्हणायची, आधी गांध बघा, मग बाळाचं तोंड बघा.

रिटायर झाल्यावर तिला घरी बसवेना. तेव्हा एक संशोधन संस्था डेंग्यूच्या नव्या लशीची चाचणी घेत होती. चार ठिकाणी केंद्रं होती, त्यातलं एक शिरोळला. त्यांना त्या भागात ओळख असलेली सिस्टर हवी होती. त्रिशलानं काम धरलं. लस एकच होती. ती कोणत्या वाटेनं दिली तर जास्त लागू पडते, एवढंच तपासायचं होतं. शिरोळच्या साठ माणसांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. तीस जणांना नेहमीच्या सुईनं दंडाच्या स्नायूत, आणि तीस जणांना बिनसुईच्या यंत्रानं कातडीत. त्या यंत्रात स्प्रिंग असते. दंडावर टेकवून बटण दाबलं की लशीची बारीक धार जोरात सुटते आणि कातडीत शिरते. गावातल्या बायका त्याला बंदूक म्हणायच्या. अठ्ठावीस दिवसांच्या अंतरानं तीन डोस होते. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालं, फेब्रुवारीत तिसरा डोस झाला. पुढं महिन्यानं सगळ्यांचं रक्त घेतलं आणि त्रिशलाचं काम संपलं. ती गेली ती त्यानंतर वर्षानं.

ती गेल्यावर नवव्या दिवशी यशराज घरी आला. हा त्या चाचणीचा कोऑर्डिनेटर, तिशीतला मुलगा, कोल्हापूरच्या ऑफिसात बसतो. मला वाटलं भेटायला आलाय. भेटायला आलाच होता, पण कपाटावर संस्थेची एक पेटी राहिली होती, तीही न्यायची होती. पेटीत बंदुकीचे सुटे भाग, कापूस, रिकामे फॉर्म असं काहीबाही होतं. पेटी मिळाल्याच्या कागदावर त्यानं माझी सही घेतली. चहा घेताना म्हणाला, काका, सिस्टरनी ते फार मनाला लावून घेतलं हो. मी विचारलं, काय ते? तो गोंधळला. त्याला वाटलं होतं मला माहीत असेल.

माझी मुलगी प्राची तेव्हा पुण्याहून आलेली होती. तिनं त्याला सोडलं नाही. शेवटी त्यानं मोबाईलवर अहवालाचं एक पान उघडून दिलं. इंग्रजीत होतं. प्राचीनं वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. बाकीच्या तीन केंद्रांवर कातडीतल्या लशीनं स्नायूतल्यापेक्षा चांगला परिणाम दाखवला होता. शिरोळ केंद्रावर मात्र कातडीच्या गटातल्या तीसपैकी तेवीस जणांच्या रक्तात फारसं काही तयारच झालं नव्हतं. त्यामुळं चारी केंद्रं मिळून फरक ठाम म्हणता येत नाही, आणि पुढं नेहमीची सुईच वापरावी, असं लिहिलं होतं. खाली कारण दिलं होतं. शिरोळ केंद्रावर इंजेक्शन देणाऱ्या व्यक्तीच्या तंत्रात त्रुटी असण्याची शक्यता.

इंजेक्शन देणारी व्यक्ती एकच होती.

हे पान त्रिशलाला तिच्या जाण्याच्या चार दिवस आधी दाखवलं होतं, असं यशराज म्हणाला. चार दिवस ती घरात माझ्यासमोर होती. भाकरी केली, मंदिरात जाऊन आली, माझ्या शर्टाचं बटण लावलं. बोलली नाही. मला राग आला, तिचाही आणि त्या यशराजचाही. एकतीस वर्षं जिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही, तिचा हात चुकला म्हणून कागदावर आलं आणि तेच घेऊन ती गेली. मी प्राचीला म्हणालो, ही ओळ मी बदलून घेणार.

आता रिंगचं सांगतो.

बंदुकीच्या तोंडावर प्लॅस्टिकची एक रिंग असते. दंडाला टेकते ती रिंग. लस जिथून सुटते ते भोक रिंगच्या उंचीएवढं आत असतं. पहिला डोस संपता संपता त्या रिंगचे दोन तुकडे झाले. त्रिशलानं यशराजला फोन केला. पार्ट यायला दोन महिने लागतील, म्हणाला. दुसऱ्या डोसची तारीख त्याआधीच येत होती. ठरल्या दिवसापेक्षा तीन दिवस जरी पुढं गेलं तरी ती माणसं चाचणीतून बाद होणार होती. यशराज तिला म्हणाला, सिस्टर, तुमचे मिस्टर उद्यमनगरात आहेत की, बघा काही मॅनेज होतंय का. हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं.

कोल्हापूरच्या टर्नरला असं कुणी विचारलं की त्याला नाही म्हणवत नाही. आम्ही जर्मन मशीनचे पार्ट नमुना बघून केलेत. मी रिंगचे तुकडे हातात घेतले, वर्नियर लावला. आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. उंची एक पॉइंट आठ मिलिमीटर आली. कड गुळगुळीत होती, कुठं कंगोरा नाही. मला तेव्हाच जरा नवल वाटलं. कंपनी दोन मिलिमीटर करील, दीड करील, एक पॉइंट आठ कशाला करील? मग मीच म्हणालो, परदेशी माल आहे, काहीतरी त्यांचं माप असेल. पांढऱ्या नायलॉनच्या रॉडमधून दोन रिंगा काढल्या. एक तिला दिली, एक माझ्याकडं ठेवली. टर्नर कुठलाही नाजूक जॉब करताना दोन करतो. रिंग बंदुकीवर अशी बसली की जशी कंपनीतून आली. त्रिशला खूश झाली, मीही झालो. दुसरा आणि तिसरा डोस त्याच रिंगनं झाला.

त्यामुळं ते पान ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा रिंगच आली. पण मी स्वतःला सांगितलं, नमुन्याप्रमाणे केलीय. नमुना बरोबर तर रिंग बरोबर.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथं डॉक्टर तेजस्वी नावाच्या बाई आहेत, चाचणीच्या प्रमुख. चाळिशीच्या आतल्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, त्रिशलाबद्दल चांगलं बोलल्या. मी विचारलं, चांगल्या होत्या तर मग ही ओळ का?

त्यांनी समजावून सांगितलं, आणि नीट सांगितलं. ही लस म्हणजे मेलेला किंवा अर्धमेला जंतू नव्हे. जंतूचा एक तुकडा कसा बनवायचा याची कृती डीएनएच्या रूपात त्यात असते. ती कृती आपल्या पेशीच्या आत शिरली तरच उपयोग. पेशी ती वाचते, तो तुकडा बनवते, आणि शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. कातडीत पहारा करणाऱ्या पेशी दाट असतात. तिथं थोडी लस पडली तरी बातमी सगळीकडं जाते. स्नायूत त्या कमी. कातडी आणि स्नायूच्या मध्ये चरबी असते, तिथं लस पडली तर बरीचशी तशीच वाया जाते. कातडी जाडीला दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे सगळा खेळ एक-दोन मिलिमीटरचा.

हे मला कळायला वेळ लागला नाही. भोक तेच, ड्रिल तेच, पण ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या जागेवरून दोन मिलिमीटर सरकलं तर अख्खा पार्ट भंगारात जातो.

मग त्यांनी त्रिशलाचं रजिस्टर काढलं. तिचं अक्षर मी लगेच ओळखलं. प्रत्येक डोसपुढं एक रकाना होता, गांध उठली की नाही. पहिल्या दिवशीच्या बारा जणांपुढं होय, होय, होय. दुसऱ्या दिवसापासून नाही. पहिल्या डोसचे उरलेले अठरा नाही. दुसरा डोस, तीसही जणांपुढं नाही. तिसरा डोस, तीसही नाही. पानामागून पान तिनं नाही लिहिलं होतं आणि प्रत्येक ओळीवर सही केली होती.

"गांध उठली नाही म्हणजे लस कातडीत राहिली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सुटे भाग काढून नुसती बंदूक आम्ही कंपनीकडे तपासायला पाठवली होती. दाब बरोबर आहे. मग उरतो हात. तिरपी धरली असेल, जास्त दाबली असेल."

मी म्हणालो, हात चुकला असता तर तिनं होय लिहून टाकलं नसतं का? कोण बघणार होतं? त्यांनी रजिस्टर मिटलं.

मग मी त्यांना रिंगचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. असं काही झाल्याची त्यांच्याकडं नोंद नव्हती. त्यांनी यशराजला बोलावलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, मी तसं काही बोललो नव्हतो, काका, मी पार्ट मागवतो एवढंच म्हणालो होतो. डॉक्टरनी कॉम्प्युटरवर बंदुकीची पुस्तिका उघडली. रिंगची उंची तीन मिलिमीटर. मी म्हणालो, नमुना एक पॉइंट आठ होता, मी माझ्या हातानं मोजलाय. त्या म्हणाल्या, तसं होणार नाही, आणि झालं असलं तरी तुमची रिंग दुसऱ्या डोसला आली ना? गांध तर पहिल्या डोसच्या दुसऱ्या दिवसापासूनच उठायची थांबलीय.

हे खरं होतं. लाज वाटते सांगायला, पण ते ऐकून मला बरं वाटलं. माझी रिंग दोषातून सुटली होती. घरी येताना मी नक्की केलं की कंपनीनंच चुकीची रिंग पाठवली. प्राचीला सांगून कंपनीला ईमेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं की प्रत्येक रिंग तपासून जाते, आणि तुटलेले तुकडे पाठवावेत. तुकडे माझ्याकडं नव्हते. पेटीत असतील म्हणून यशराजला फोन केला. पेटीतलं सगळं नियमाप्रमाणे जाळून टाकलं होतं. मी पुन्हा ईमेल केला. उत्तर आलं नाही. पुन्हा ऑफिसात गेलो, डॉक्टर मीटिंगमध्ये होत्या. पुन्हा गेलो, परगावी होत्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारावरच्या माणसानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, पावणं, तुमचं रोजचंच झालं की.

एप्रिलमध्ये मी शिरोळला गेलो. त्रिशला बंदूक कशी धरायची, हे ज्यांना दिली ती माणसंच सांगतील, असं मला वाटलं. त्यांच्या सह्या घेऊन यायच्या, असा बेत होता. आधी धोंडुबाईकडं गेलो. शिबिर भरायचं त्या शाळेला लागून तिचं घर. साठीची बाई, दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जाते. त्रिशलाला ती बहीण मानायची, त्यामुळं मी तिचा दाजी. मला बघून आधी रडली. मग चहा टाकला.

मी विचारलं, सिस्टर बंदूक कशी धरायची?

"सरळ, अशी. आन हात हलवला की वराडायची," ती म्हणाली. "तुमच्या बायकूचं बोलणं म्हंजे, दाजी, लशीपरीस तेच जास्त टोचायचं."

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. मग ती आपणहून बोलत सुटली. पहिल्या डोसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक शाळेच्या फरशीवर पडली. तोंडाची कड उडाली. पहिला नंबर धोंडुबाईचा होता, बटण दाबायच्या आधी नुसती टेकवली तोच तिच्या दंडाला ती कड लागून ओरखडा आला. तिनं मला दंड दाखवला, आता काही दिसत नव्हतं. त्रिशलाला वाईट वाटलं. ती बंदुकीची रिंग काढून घेऊन धोंडुबाईच्या घरात आली.

"माझी सहाण मागून घेतली. पाण्याचं बोट लावून लावून घासत बसली, निम्मा तास. समदीकडनं एकसारखी केली. गालाला लावून बघितली, म्हनली, आता न्हाई कुणाला लागायची." धोंडुबाईनं कोपऱ्यातली सहाण दाखवली. "त्येच्यानंतर एकाला वरखडा आला न्हाई बघा. आन नंतर तर तुम्ही नवी करून दिलीसा, ती तर लोण्यागत. कायसुदीक कळायचं न्हाई."

चहा हातातच राहिला. मी तिला दोनदा विचारलं, किती घासली? ती म्हणाली, कड उडालेली तिथवर समदी खाली आणली की, न्हाईतर एकसारखी कशी हुईल?

तीन मिलिमीटरची रिंग त्रिशलानं घासून एक पॉइंट आठ केली होती. बायकांच्या दंडाला लागू नये म्हणून. तिला ती नुसती टेकायची कड वाटली. आणि मी ती गुळगुळीत कड बघून कंपनीचं फिनिशिंग समजलो आणि तेच माप कायम केलं. रिंग जितकी बुटकी तितकी धार दंडाजवळून सुटणार आणि तितकी खोल जाणार. हात तिचा सरळच होता. सरळ धरलेल्या हातानं ती अठ्ठ्याहत्तर वेळा लस कातडीच्या खाली घालत होती.

सह्या घेतल्या नाहीत. निघताना धोंडुबाई म्हणाली की सिस्टरनी जायच्या आदल्या दिशी, सोमवारी फोन केलता, उद्या येते, समद्यास्नी शाळेत बोलाव, बोलायचं हाय म्हणाली. काय बोलायचं हुतं तुम्हाला ठावं हाय काय? मी नाही म्हणालो. तिच्या दारात पाण्याचं डबडं भरलेलं होतं, डास होते. मी म्हणालो, मच्छरदाणी लावत जा. ती म्हणाली, आता कशाला, बंदूक घेतलीया की तीन येळा.

मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती अजून सिस्टरचंच कौतुक करत होती.

एसटीत बसल्यावर मला एक जेवण आठवलं. दुसऱ्या डोसच्या शिबिरावरून त्रिशला आली होती. जेवताना म्हणाली, "आवो, गांध उठंना झालीया. रिंग बरोबर हाय न्हवं?" मी म्हणालो, नमुन्याप्रमाणे आहे, केसाचा फरक नाही. तिनं भाकरी मोडली. मग म्हणाली, "पण नमुना बरोबर हुता का?"

मी चिडलो. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला बायकोनं जेवताना माप विचारावं, हे मला लागलं. मी म्हणालो, "नमुना तू दिलास, मला काय विचारतीस? मी तुला सुई कशी धरायची सांगतो का?"

तिनं विषय सोडला. आमटी वाढली. तिला तेव्हा घासल्याचं सांगायचं होतं, हे मला आता कळतंय. एक वाक्य अजून बोलू दिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तीनची रिंग काढून दिली असती. अर्ध्या तासाचं काम. तिसरा डोस तरी कातडीत गेला असता.

तिनं यशराजलाही फोन केला होता की गांध उठत नाही. तो म्हणाला, जे दिसतं ते लिहा. ती तेच लिहीत गेली. आणि तेच तिच्याविरुद्ध उभं राहिलं.

दोन दिवस मी शेडमध्ये गेलो नाही. खरं सांगितलं तर हात चुकला ही ओळ जाईल, पण त्या जागी बंदुकीचा भाग परस्पर घासला आणि नवऱ्याकडून दुसरा करून लावला, असं येईल. लोक कशाला काय म्हणतील कुणी सांगावं. प्राचीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, आई सांगायलाच निघाली होती."

तेवढ्यानं माझं नक्की झालं.

मी सगळं तीन पानांवर लिहिलं. कधी बंदूक पडली, कुणाच्या घरी घासली, मी कधी मोजली, माप किती, रिंग कशाची केली. जवळची दुसरी रिंग पाकिटात घातली. डॉक्टर तेजस्वी यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी सगळं वाचलं, मध्ये एकदा चष्मा काढला. रिंगला हात लावला नाही. त्या म्हणाल्या की माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. मी म्हणालो, मग बदला.

"काका, डेटा जानेवारीत बंद झालाय. अहवाल वर गेलाय. आणि रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करायची तर नियम एकच आहे. ज्यानं नोंद केली त्यानंच दुरुस्त करून सही करायची."

"ती कुठनं येणार आता सही करायला?"

"तेच म्हणतेय मी."

मी म्हणालो, पेटी परत घेताना माझी सही चालली, मग इथं का नाही? त्या म्हणाल्या, ती वस्तूची पोच होती, ही वैद्यकीय नोंद आहे. मी म्हणालो, मग नोंद बदलू नका, तिनं लिहिलेलं खरंच आहे, गांध उठली नव्हती. तुम्ही लिहिलेलं कारण बदला. त्यावर त्या खिडकीकडं बघायला लागल्या. मग हळू आवाजात खरं काय ते बोलल्या. बाहेर केलेला पार्ट लावला हे कागदावर आलं तर शिरोळचं अख्खं केंद्र रद्द होतं. साठही माणसं गेली. शिबिराची देखरेख कुणी केली, असं विचारलं जातं. "आणि सिस्टरचं नाव आणखी खराब होईल. आता फक्त शक्यता असं लिहिलंय. असू द्या ना. गेलेल्या माणसाला कशाला ओढायचं?"

"तुम्हीच ओढलंय," मी म्हणालो. "तिचा हात सरळ होता. चूक एक पॉइंट दोन मिलिमीटरची आहे, आणि ती आम्हा दोघांची आहे. ती लिहा. कातडीतली लस वाईट ठरली ती आमच्या रिंगमुळं. उद्या दुसरा कुणी तुमचं पान वाचून कातडीचा नाद सोडील."

त्या म्हणाल्या, अर्ज द्या. मी अर्ज दिला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, अर्जदार चाचणीशी संबंधित नसल्यामुळं अर्ज विचारात घेता येत नाही. मी चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नीतिसमितीला लिहिलं. प्राचीनं इंग्रजीत करून दिलं. अध्यक्षांची मुदत संपली आहे, नवीन नेमणूक झाल्यावर विषय घेऊ, असं कळवलं. ती नेमणूक ऑगस्टमध्ये झाली. सप्टेंबरात मी पुन्हा लिहिलं. त्यांनी मूळ रिंगचे तुकडे मागितले. जे जाळले तेच. मी लिहिलं, सहाण आहे, घासताना बघणारी बाई आहे, मी मोजलेलं आहे, आणि त्याच मापाची रिंग माझ्याकडं आहे. उत्तर आलं की ऐकीव माहिती आणि प्रमाणित नसलेली वस्तू पुरावा म्हणून धरता येत नाही. यशराजनं नोकरी बदलली. त्याच्या जागी आलेल्या मुलीला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. ती चांगली आहे, ऐकून घेते, लिहून घेते, आणि पुढच्या वेळी विचारते, नाव काय म्हणालात?

त्या तीस माणसांना तरी कळवा, असं मी डॉक्टरना पुन्हा पुन्हा म्हणालो. त्यांना वाटतंय आपल्याला डेंग्यू होणार नाही. त्या म्हणाल्या, ही चाचणी होती, संरक्षण मिळेल असं आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यांच्या सहीच्या कागदावर तसं छापलंय. छापलंय हे खरं आहे. मी तो कागद बघितलाय. आठ पानं आहेत.

प्राची म्हणते, तुम्हीच जाऊन सांगा. बरोबर आहे तिचं. दोनदा मी जयसिंगपूरपर्यंत गेलो. तिथं एसटी बदलावी लागते. दोन्ही वेळा कोल्हापूरची गाडी आधी लागली आणि मी तीच धरली. गाडीचं निमित्त होतं, हे मलाही कळतं. तिथं जाऊन तुमची सिस्टर चुकली असं म्हणायचं आहे, आणि लगेच पुढं मीही चुकलो म्हणायचं आहे. पहिलं वाक्य तोंडातून निघत नाही म्हणून दुसरंही राहतं.

आज डिसेंबरची दहा तारीख. अहवालात ती ओळ तशीच आहे. कातडीत दिलेली लस स्नायूपेक्षा ठामपणे चांगली नाही, हेही तसंच आहे. समितीकडं माझं चौथं पत्र पडून आहे. आणि शिरोळच्या त्या तीस माणसांपैकी एकालाही अजून कुणी काही सांगितलेलं नाही. मीसुद्धा नाही.